नकार देणाऱ्यालाही बांधणारा आदेश

नवीन जालन्यात एखाद्या घराचा स्लॅब पडत असेल, तर त्यातली सळई बहुधा याच शहराच्या एमआयडीसीत तयार झालेली असते. इंडक्शन भट्टीत भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेट लाटून सळई निघते. एवढ्या प्रवासात किती जणांचे पैसे गुंततात पाहा: भंगाराचा व्यापारी, वीज कंपनी, बँक, ट्रकमालक, कामगार, जीएसटी खातं. समजा, अशी एखादी कंपनी बुडायला लागली आणि प्रत्येकजण आपापल्या वसुलीला धावला. कुणी भट्टी नेईल, कुणी रोलिंग मिल. भट्टी, मिल आणि वीजजोडणी एकत्र असतात तोवर तो कारखाना. सुटे भाग झाले की त्याचंही भंगारच.

ही धावाधाव थांबवण्याची तजवीज 2016 च्या दिवाळखोरी संहितेत आहे, आणि ती मला अजूनही थक्क करते. थकबाकी किमान एक कोटीची असली, की मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, अर्ज करता येतो. अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे आणि जप्त्या जागच्या जागी थांबतात. संचालक मंडळाचे अधिकार एका दिवाळखोरी व्यावसायिकाकडे जातात. मग बँका व इतर वित्तीय धनकोंची समिती बसते आणि कंपनी घेऊ इच्छिणाऱ्यांचे प्रस्ताव तपासते. इथे डोकी मोजत नाहीत, कर्जाची रक्कम मोजतात. 66 टक्के मतं मिळाली की प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे जातो.

सौदा फायद्याचा की तोट्याचा, यात न्यायाधिकरण शिरत नाही. प्रक्रियेचा खर्च आधी भागतो का, विरोधात मत देणाऱ्या बँकेला कंपनी मोडीत निघाल्यावर मिळालं असतं तेवढं तरी मिळतं का, प्रस्तावात काही बेकायदा नाही ना, एवढं ते पाहतं. मंजुरी मिळाली की कलम 31 नुसार प्रस्ताव सगळ्यांवर बंधनकारक होतो: विरोधात मत दिलेल्यांवर, मतच नसलेल्यांवर आणि सरकारवरही. प्रस्तावात नसलेली जुनी देणी संपतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 13 एप्रिल 2021 रोजी स्पष्ट केलं. कराराला संमती लागते असं आपण धरून चालतो. इथे संमती न देताही माणूस बांधला जातो.

या संहितेखालचा पहिला मोठा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात लागला. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध आयसीआयसीआय बँकेनं अर्ज केला, तेव्हा कंपनीनं 1958 चा राज्याचा जुना कायदा पुढे केला. रोजगार टिकावा म्हणून राज्य सरकार आजारी उद्योगाची देणी काही काळ स्थगित करू शकतं, असा तो कायदा. 31 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केंद्राची संहिता त्याच्या वर आहे. ही कंपनी मात्र वाचली नाही. त्याच वर्षअखेरीस ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. वर्ध्याजवळच्या भुगावच्या पोलाद प्रकल्पाचं तसं झालं नाही. पूर्वी लॉइड्सचा, मग उत्तम समूहाचा हा प्रकल्प 2018 मध्ये या प्रक्रियेत गेला, 2020 मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणानं नव्या गुंतवणूकदारांचा प्रस्ताव मंजूर केला आणि आज तो एव्होनिथ या नावानं ओळखला जातो.

भंगाराच्या व्यापाऱ्याची मला काळजी वाटते. त्याला समितीत मत नाही. बँकेकडे तारण असतं, त्याच्याकडे बिलं असतात, आणि कंपनी मोडीत निघाली तर त्याच्या वाट्याला किती आलं असतं, यावर त्याचा किमान हक्क ठरतो. ती रक्कम पुष्कळदा शून्य निघते. हा भेद सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये वैध ठरवला. बँका कंपनीची आर्थिक क्षमता पारखू शकतात, हे त्यामागचं एक कारण. मला ते पटतं, पण उधारीवर माल देणाऱ्याला त्याची झळ जास्त बसते हेही खरं. निदान एक गोष्ट त्याच्या हातात असते. प्रक्रिया सुरू होताच एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि तिच्यात दावा दाखल करण्याची शेवटची तारीख दिलेली असते. माल पुरवणाऱ्यानं बिलं आणि खातेउतारा जोडून नमुना 'ब' भरायचा असतो. तो भरलाच नाही आणि प्रस्ताव मंजूर झाला, तर वहीत कितीही उधारी लिहिलेली असली तरी नव्या मालकाकडे ती मागता येत नाही.