म्हाताऱ्या ट्रकची नाडीपरीक्षा

दोस्तांनो, एस.टी.त ड्रायव्हरकाकांच्या मागच्या बाकावर बसून कधी प्रवास केलाय? मग क्लच दाबायचा, दांडा खटकन् पुढे-मागे करायचा, हा त्यांचा खेळ तुम्ही टक लावून पाहिलाच असेल!

अमेरिकेत मात्र बहुतेक गाड्यांना क्लचचं पेडलच नसतं. जनरल मोटर्सनं १९३९ साली 'हायड्रामॅटिक' ही गिअरपेटी आणली आणि गिअर आपोआप बदलू लागले. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून तीन गिअरची 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' आली. ती शेव्हरोलेच्या पिकअप ट्रकमध्येही बसवत. असे जुने ट्रक जिवापाड जपणारे लोक तिथे आजही आहेत.

समजा, असाच एक ट्रक रुसला. इंजिन ओरडतंय, पण दुसरा गिअर काही पडत नाही. पडतो तो उशिरा, आणि असा हिसका देऊन की बसणाऱ्याची मान मागे जावी! मालकाच्या पोटात गोळाच येतो. गिअरपेटी बदलायची तर खर्च मोठा. मग ट्रक भंगारात घालायचा?

थांबा! आधी ही पेटी 'विचार' कसा करते ते पाहू.

तिच्या पोटात चालते रस्सीखेच. एका बाजूला असतो गव्हर्नर. तो गाडीच्या वेगाबरोबर गरगर फिरतो. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात (जत्रेतल्या पाळण्यासारखी!) आणि तेलाचा दाब वाढतो. तो म्हणतो, "वरचा गिअर टाका!" दुसऱ्या बाजूला असतो मॉड्युलेटर. एका रबरी नळीतून इंजिनाची ओढ त्याला कळते. इंजिनावर भार कमी असला की ही ओढ जोरदार असते, चढावर ती मंदावते. ओढ मंदावली की मॉड्युलेटर म्हणतो, "थांबा, गाडी ओझं ओढतेय!" जो जिंकेल त्याचं खरं.

आता सांगा, ती रबरी नळीच तडकली तर? ओढ पोचणारच नाही. सपाट रस्त्यावरही पेटीला वाटेल, आपण घाटच चढतोय! मग गिअर उशिरा पडणार आणि हिसका देणार. म्हणजे पेटी धडधाकट, खोटी फक्त बातमी!

म्हणून जाणता मेकॅनिक पेटी खोलण्याआधी तीन गोष्टी पाहतो.

पहिली, तेल. गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून आणि दांडा 'पार्क'वर ठेवून तो तेलाची पट्टी बाहेर काढतो. हे तेल लाल असतं. ते कमी झालं तर गिअर घसरतात. काळपट आणि करपट वासाचं असेल, तर आतल्या क्लचच्या चकत्या जळाल्याची शंका येते.

दुसरी, ती रबरी नळी. तडकलीय का? निसटलीय का?

तिसरी, मॉड्युलेटर. नळी काढल्यावर आत लाल तेल दिसलं, तर त्याचा पडदा फाटलाय. मग इंजिन ते तेल शोषून जाळतं, धुराड्यातून पांढरा धूर येतो आणि पेटीतलं तेल मात्र गुपचूप कमी होत जातं.

नळी किंवा मॉड्युलेटर बदलणं पेटी बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पण चकत्याच जळाल्या असतील, तर पेटी खोलण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा नुसतं नवं तेल ओतून भागत नाही!

आपले डॉक्टरकाका पोट दुखलं म्हणून लगेच ऑपरेशन करतात का? आधी म्हणतात, "जीभ दाखव पाहू." यंत्राचंही तसंच. आधी सोपं, स्वस्त तपासायचं, अवघडाकडे नंतर वळायचं.

आणि हो, चालू इंजिनाजवळ हात घालायचा नाही. ते काम मोठ्यांचं! तुम्ही आपली सायकल घ्या. चेन सारखी उतरतेय? मग नवी चेन मागण्यासाठी बाबांकडे धावण्याआधी बघा तरी, ती नुसती सैल तर झाली नाही ना?