नगर परिषदेची निवडणूक : आधी कागद, मग झेंडा

वर्धा नगर परिषदेची निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांत उमेदवार पुष्कळ तयार होतात. कागद मात्र थोड्यांचेच तयार असतात. राखीव जागेवर निवडून आल्यावरही जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर पद जाते. समाजाची मते पाण्यात जातात. म्हणून आम्ही म्हणतो, तयारी वर्षभर आधी करा.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखलखारीज रजिस्टरचा उतारा काढा. गेले नसतील तर कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद शोधा. आपली धम्मदीक्षा १९५६ ची. त्यापूर्वीच्या नोंदीत जुनी जात असणारच. तिची लाज नको. राखीव जागेवरील आपला हक्क याच नोंदीवर उभा आहे.

२०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. घरची सून उभी राहणार असेल, तर तिच्या जातीचा पुरावा माहेरचा लागतो, सासरचा नव्हे. तेव्हा तिच्या वडिलांना आजच निरोप धाडा.

उमेदवाराचे वय २१ पूर्ण असावे, नाव शहराच्या मतदार यादीत असावे, नगर परिषदेचा कर थकलेला नसावा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्ये दोनपेक्षा जास्त झाली असतील, तर उमेदवारी टिकत नाही. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा, हरलेल्यानेसुद्धा.

बाबासाहेबांनी शिका म्हटले, त्यात कायदा शिकणेही आले. बुद्धविहारात एक रविवार या कागदांसाठी ठेवा.

जयभीम!