अमेरिकेतील यादवी आणि शिरूरचे कर्जरोखे

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला. मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव चढले व त्या भरवशावर कर्जे सढळपणे मिळू लागली. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले; १८६७ पासून पुणे जिल्ह्यात फेरआकारणीने सारा मात्र वाढत गेला.

शिक्रापूर ज्या शिरूर तालुक्यात मोडते, तेथील कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्ये रयतेने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगा उसळला. जमावाचा राग मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कारण नांगराची निशाणी करणाऱ्यास त्यांतील मजकूर वाचता येत नसे.

१८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने रोख्यांची नोंदणी व पावती आवश्यक ठरवून मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. सावकाराची वही अशा रीतीने उघडी झाली. साऱ्याच्या रकमेविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागण्यास मात्र १८७६ च्याच कायद्याने मनाई होती. खासगी हिशेबास लावलेली कसोटी सरकारने स्वतःच्या हिशेबास लावली नाही, हे या प्रकरणाचे खरे मर्म होय.