एक्सेलमधले आकडे: दिसतात एक, असतात एक
एक्सेलच्या प्रत्येक सेलमध्ये दोन गोष्टी असतात: आत साठवलेली संख्या आणि तिचं दिसणारं रूप. फॉरमॅटिंगने बदलतं ते फक्त रूप. १०० रुपये भागाकार करून तिघांत वाटले आणि दोनच दशांश स्थळं ठेवली, तर तिन्ही सेलमध्ये ३३.३३ दिसेल, खालची बेरीज मात्र १०० येईल, ९९.९९ नव्हे. बेरीज आतल्या संख्यांची होते. हिशेबात हे खटकत असेल, तर राउंडचं सूत्र लावून संख्याच बदलावी लागते.

तारीखही एक्सेलच्या लेखी संख्याच. १ जानेवारी २०२४ या तारखेचा फॉरमॅट ‘जनरल’ केला, की ४५२९२ दिसतं. घाबरायचं कारण नाही, पुन्हा ‘डेट’ निवडा.

खरी गोची बँक खात्यांच्या क्रमांकांत आहे. सुरुवातीची शून्यं गळतात, १५ अंकांपुढचे अंक चक्क शून्य होतात, आणि नंतर फॉरमॅट बदलून ते परत मिळत नाहीत. म्हणून क्रमांक टाइप करण्याआधीच त्या कॉलमला ‘टेक्स्ट’ फॉरमॅट द्यावा. क्रमांकांची बेरीज कोणाला करायची असते?

स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडत नसतील, तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडलाय का, ते बघा.