डीएनए चालक प्रथिने : एकरेणवीय अभ्यास

रासायनिक ऊर्जेच्या बळावर डीएनए रेणूवरून सरकणाऱ्या प्रथिनांना डीएनए चालक प्रथिने म्हणतात. डीएनएची प्रतिकृती, प्रतिलेखन, दुरुस्ती व परकीय डीएनएचा छेद या क्रियांत त्यांचा सहभाग असतो. हेलिकेज व आरएनए पॉलिमरेज ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

परीक्षानळीत असे असंख्य रेणू एकाच वेळी कार्य करीत असतात. त्यांपैकी काही थांबलेले, तर काही वेगाने सरकणारे असतात. त्यामुळे मापनातून केवळ सरासरी हाती येते. एकरेणवीय तंत्रांत एकेका रेणूची हालचाल स्वतंत्रपणे नोंदली जाते. प्रकाशीय चिमट्यात केंद्रित लेसर शलाकेने सूक्ष्म मणी पकडून ठेवतात. आर्थर ॲश्किन यांनी हे तंत्र १९८६ मध्ये सिद्ध केले व त्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आरएनए पॉलिमरेज एका वेळी एकच क्षारक-जोडी (सु. ०·३४ नॅनोमीटर) पुढे सरकते, हे या तंत्राने २००५ मध्ये दिसून आले. चुंबकीय चिमट्यात डीएनएचे एक टोक काचेला व दुसरे चुंबकीय मण्याला जोडतात. प्रथिनाने डीएनएचे वेटोळे केल्यास मणी खाली येतो.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील कयरत साईकृष्णन आणि ब्रिस्टल विद्यापीठातील मार्क श्चेल्कुन यांच्या गटांचे संशोधन (२०१५) या संदर्भात उल्लेखनीय आहे. दुग्धपदार्थांच्या किण्वनास उपयुक्त अशा लॅक्टोकॉकस लॅक्टिस या सूक्ष्मजंतूत जंतुभक्षक व्हायरसांचा डीएनए तोडणारी एंझाइमे असतात. या व्हायरसांची बाधा झाल्यास किण्वन बंद पडते. डीएनएवर दूरदूरच्या स्थानी बसलेली अशी दोन एंझाइमे एटीपीच्या ऊर्जेने परस्परांकडे सरकतात व टक्कर झाल्यावर छेद होतो. दोहोंचे छेदक भाग एकमेकांस भिडून हा छेद होत असावा, असे सहज वाटते. तथापि क्ष-किरण स्फटिकचित्रणात (२·७ अँगस्ट्रॉम) छेदक भाग गतीच्या दिशेच्या मागील बाजूस आढळला. सरकताना डीएनएचे वेटोळे होत नाही, हे एकरेणवीय प्रयोगांनी दाखविले. म्हणजेच टकरीनंतरही छेदक भाग परस्परांपासून दूरच राहतात. यावरून दोन्ही धाग्यांवर यदृच्छया पडणाऱ्या अनेक खाचांमुळे डीएनए तुटतो, अशी उपपत्ती मांडण्यात आली.

स्फटिकचित्रणाने रचना कळते, तर एकरेणवीय मापनाने गती. म्हणून ही तंत्रे परस्परपूरक ठरतात. मात्र प्रत्येक रेणूचे वर्तन थोडे भिन्न असल्याने अनेक रेणूंच्या स्वतंत्र नोंदी घेतल्यावरच निष्कर्ष काढता येतो. शिवाय हे प्रयोग बहुधा कोशिकेबाहेर होत असल्याने कोशिकेतील दाटीत हीच गती टिकते काय, हे निराळे पडताळावे लागते.