बाळंतिणीच्या रात्रीचे वस्त्र

नंदुरबार तालुक्यातील कोरीट असो वा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचे एखादे खेडे असो, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीकडे आप्तेष्टांनी बाळंतविडा घेऊन जावे हा रिवाज अद्यापि चालू आहे. त्या बाळंतविड्याचा तपशील पाहिला, तर बाळासाठी झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि लंगोट, आईच्या प्रकृतीसाठी डिंक, खारीक, अहळीव, ओवा आणि बाळंतशेपा, आणि बारशाला नेसण्यासाठी ऐपतीप्रमाणे एखादी साडी, अशी सर्व तजवीज त्यात आढळते. परंतु बाळाच्या आईला ज्या रात्री जागून काढावयाच्या असतात, त्या रात्रींसाठी सोयीचे वस्त्र ही बाब त्या यादीत क्वचितच असते. याचे कारण उघड आहे. भेट ही दिवसा आणि चारचौघांदेखत दिली जाते, आणि चारचौघांत रात्रीचा पोशाख उलगडून दाखविणे आपल्या संकोचाला मानवत नाही. हा संकोच बाजूस सारून, त्या वस्त्राची निवड कोणत्या निकषांवर करावी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम रात्रीचा कारभार काय असतो तो पाहू. नवजात अर्भकाला चोवीस तासांत साधारणतः 8 ते 12 वेळा पाजावे लागते, आणि दुग्धनिर्मितीला चालना देणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असल्यामुळे रात्रीचे पाजणे टाळणे इष्टही नसते. त्यातच प्रसूतीनंतर इस्ट्रोजेनची पातळी एकाएकी उतरते आणि गर्भारपणी शरीरात साठलेले जादा पाणी मूत्र व स्वेद या दोन वाटांनी बाहेर पडू लागते. त्यामुळे पहिले काही आठवडे अंगावरचे कपडे भिजून जावेत इतका घाम मध्यरात्री येणे हे पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत स्वाभाविक असते. शिवाय दूध झिरपते, आणि प्रसूत्युत्तर रक्तस्राव चार ते सहा आठवडे थोडाबहुत चालू राहतो. सारांश, हे वस्त्र वारंवार ओले होणार, वारंवार उघडावे लागणार आणि वारंवार धुवावे लागणार, हे गृहीत धरूनच ते घेतले पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न कापडाचा. सुती धागा सर्वसाधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरचा धागा अवघा 0.4 टक्का, याचा व्यवहारातील अर्थ असा की, सुती कापड घाम स्वतःत घेते आणि पॉलिएस्टर तो अंगावरच राहू देते. खानदेश हा पूर्वापार कपाशीचा मुलूख. पण कोरीटचा गिऱ्हाईक खरेदीसाठी नंदुरबारास जातो तेव्हा, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या शहराच्या दुकानांत सुरतेचे कृत्रिम धाग्याचे झुळझुळीत गाऊन त्याच्यापुढे मांडले जाणे अगदी साहजिक आहे. ते दिसतात देखणे, इस्त्रीवाचून नीटनेटके राहतात आणि स्वस्तही पडतात. मात्र पारा चाळिशीपार चढणाऱ्या चैत्र-वैशाखात, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या बाळंतिणीच्या खोलीत, या तिन्ही गुणांचा तिला काडीमात्र उपयोग नसतो. जेथे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची चाल आहे, तेथे तर आणखी एक धोका संभवतो: सुती कापडही पेट घेतेच, पण नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. सबब मलमल, पातळ पॉपलिन किंवा मऊ होजिअरी यांपैकी एखादे निखळ सुती कापड निवडावे. बाळाची दुपटी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची शिवण्यात आपल्या आज्यांनी जे शहाणपण दाखविले, तेच येथे आईच्या बाबतीत लागू करावयाचे आहे.

दुसरा प्रश्न शिवणीचा. पुढे गाठ मारावयाची जुनी चोळी पाजण्याच्या दृष्टीने अत्यंत सोयीची होती. ती मागे पडली आणि पाठीमागे हुक असलेले पोलके किंवा बंद गळ्याचा गाऊन आला, तेव्हा ही सोय गेली. आता दुकानात ‘फीडिंग गाऊन’ मागितला तर छातीच्या दोन्ही बाजूंस चुणीखाली लपविलेल्या उभ्या चेनचा गाऊन मिळतो. तो घेताना चेन एका हाताने, अंधारात, न अडकता उघडते की नाही हे दुकानातच पाहावे, कारण दुसऱ्या हातावर बाळ असते. आणि चेनीची कड बाळाच्या गालाला खरचटणारी असल्यास पुढे बटणे असलेला गाऊन पत्करावा. छातीवर कापड तंग नसावे, कारण सततच्या दाबाने दुग्धनलिका तुंबून गाठी होण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर टाक्यांची रेषा ओटीपोटावर आडवी असते, आणि पायजम्याचे इलॅस्टिक नेमके तेथेच रुतते. अशा वेळी कमरेस काहीही न आवळणारा सैल गाऊनच योग्य.

तिसरा प्रश्न घरातील मर्यादेचा, आणि तो क्षुल्लक समजू नये. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. शेजारणी व नातलग येतात ते निराळेच. म्हणजे हे रात्रीचे वस्त्र दिवसाही दृष्टीस पडणार. तेव्हा दुधाचे डाग लपविणारी गडद, बारीक नक्षी, घोट्यापर्यंत उंची, कोपरापर्यंत सैल बाही आणि वरून घ्यावयास त्याच कापडाची ओढणी असेल, तर वडीलधाऱ्यांसमोर तिची कुचंबणा होत नाही. ज्या घरात गाऊनची वहिवाटच नाही, तेथे भेटीच्या निमित्ताने ती सुरू करण्याचा हट्ट न धरता मऊ सुती साडी व पुढे हुक असलेले सैल पोलके द्यावे.

राहिला खर्चाचा हिशेब. एक भारी गाऊन घेण्याऐवजी त्याच रकमेत साधे दोन-तीन घ्यावेत, कारण एक अंगावर आणि एक वाळत असताना तिसरा कोरडा हाताशी लागतो. सुती कापड आटते, म्हणून माप एक अंश मोठे घ्यावे, आणि नवी खळ निघून जावी म्हणून ते एकदोनदा धुऊन मगच द्यावे. मात्र मापाची खात्री नसेल तर न धुता, दुकानाच्या पावतीसह द्यावे, म्हणजे बदलून घेता येईल. भेट द्यावयाची ती बारशापर्यंत न थांबता डोहाळजेवणाच्या सुमारास द्यावी, कारण तिची सर्वांत अधिक गरज प्रसूतीनंतरच्या पहिल्याच रात्री लागते. बारशाची साडी वर्षानुवर्षे कपाटात जपून ठेवली जाते आणि त्यातच तिचा मान असतो; हा गाऊन मात्र वर्षभरात विटला, विरला, तर देणाऱ्याने आपली निवड बरोबर ठरली असे समजावे.