वळवाच्या विजेचे छायाचित्र

चैत्र-वैशाखात दख्खनच्या पठारावर दिवसभर तापलेल्या जमिनीवरील हवा दुपारनंतर वेगाने वर चढू लागते, मावळतीच्या सुमारास ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तिन्हीसांजेला वळीव कोसळतो. बंगालमध्ये याच जातीच्या वादळाला कालबैसाखी म्हणतात. अशा संध्याकाळी कॅमेरा घेऊन बसलेल्या नवशिक्या छायाचित्रकाराचे श्रम बहुधा एकाच कारणाने वाया जातात. वीज चमकली की तो कळ दाबतो, आणि चित्रात उमटतो तो निव्वळ काळोख. डोळ्याने पाहावे आणि बोटाने हलावे, एवढ्यातच सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा निघून जातो. तोवर विजेचा मुख्य झोत केव्हाच विझलेला असतो.

जाणता छायाचित्रकार म्हणूनच विजेचा पाठलाग करीत नाही. तो कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून तिची वाट पाहतो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, दूरच्या एखाद्या दिव्यावर भिंग जुळवावे, आणि झडप दहा, वीस, तीस सेकंद उघडी ठेवावी. वीज चमकली तर उत्तम, न चमकली तर पुन्हा उघडावी. यात एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. झडप कितीही वेळ उघडी राहिली, तरी चित्रातील वीज त्यामुळे अधिक उजळ होत नाही, कारण ती स्वतः क्षणभरच असते. तिचे तेज भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असते. उघडीप वाढविली की उजळते ती भोवतालची पार्श्वभूमी. संधिप्रकाशात वेळ थोडा ठेवावा व अंधार दाटेल तसा वाढवीत न्यावा, तो यासाठीच. पन्नास चित्रांत एखादे साधले, तरी त्या संध्याकाळी नशीब बरे होते असे समजावे.

हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हे. विजेविषयीच्या कित्येक समजुती छायाचित्रानेच दुरुस्त केल्या आहेत. चित्रकार शतकानुशतके वीज काटकोनी, करवतीच्या दात्यांसारखी रंगवीत आले होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे विल्यम जेनिंग्ज याने १८८२ साली विजेची छायाचित्रे घेतली, आणि त्यांत ती दिसली नदीसारखी: वळणे घेणारी, ठिकठिकाणी फाटे फुटलेली.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. वीज वरून खाली येते की खालून वर जाते? चार्ल्स व्हर्नन बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यासाठी फिरत्या भिंगांचा कॅमेरा योजला. तबकडीच्या दोन टोकांना बसविलेली भिंगे गरगर फिरत असल्यामुळे दोन प्रतिमा विरुद्ध दिशांना सरकतात, आणि त्यांच्यातील फरक मोजून विजेचा कोणता भाग आधी व कोणता नंतर चमकला हे सांगता येते. उन्हाळ्यात वारंवार गडगडाटी वादळे होणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर बेसिल शोनलंड व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून हे साधन वापरले, तेव्हा दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे ठरले! आधी एक मंद प्रकाशरेषा पाऱ्यापाऱ्याने, एकेका उडीत काही दशक मीटर, ढगातून खाली उतरते. ती भूमीजवळ पोहोचताच लख्ख झोत त्याच वाटेने वर धावतो. डोळे दिपतात ते या परतणाऱ्या झोताने. तीच वाट पुनःपुन्हा, बहुधा तीन-चार वेळा, वापरली जाते. वीज थरथरल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

साध्या छायाचित्रातही ही दिशा वाचता येते. फाट्यांची टोके खाली वळलेली असली, तर वाट ढगातून उतरली. वर वळलेली असली, तर ती एखाद्या उंच मनोऱ्यावरून निघाली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर १९३५ पासून केलेल्या छायाचित्रणात अशा ऊर्ध्वगामी विजा मोठ्या संख्येने आढळल्या.

मात्र ज्या माळावरून सारे आकाश दिसते, त्याच माळावर छायाचित्रकार स्वतः सर्वांत उंच वस्तू ठरतो. भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, आणि त्यांतील पुष्कळशी उघड्या शेतात किंवा झाडाच्या आडोशाला सापडलेली असतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तिनाने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा आकडा दहाच्या आत आला की तिवई जागच्या जागी सोडून पक्क्या इमारतीत, अथवा धातूचे छत असलेल्या मोटारीत काचा लावून बसावे. उघडी पडवी किंवा मांडव यांचा उपयोग नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देते, तेही हाताशी असावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. यात छायाचित्राचे नुकसान नाही. पंधरा-वीस किलोमीटर दूर गेलेल्या वादळाचा ढग बुडापासून शेंड्यापर्यंत चौकटीत मावतो, आणि भिंगावर पावसाचा थेंबही पडत नाही.